तरुण संघात छोटे गट सुरू करताना: पहिल्या आठ आठवड्यांची तयारी

चर्चमध्ये रविवारच्या उपासनेनंतर भरणाऱ्या तरुण संघात तीसेक मुलं-मुली असतील, तर बोलणारे पाच-सहाच असतात. बाकीचे गाणी म्हणतात, संदेश ऐकतात, चहा घेतात आणि घरी जातात. बारावीत कमी गुण पडल्यावर एखादा यायचा का थांबला, प्रार्थनेला बसल्यावर त्याचं मन कुठे अडतं, घरात काय चाललंय, हे तीस जणांच्या सभेत कळायला जागाच नसते. ती जागा छोट्या गटात होते. तिथे प्रत्येकाला आठवड्यातून एकदा तरी तोंड उघडावं लागतं, आणि न आलेल्याची गैरहजेरी लगेच लक्षात येते.

ही पद्धत नवी नाही. जॉन वेस्लीच्या मेथडिस्ट चळवळीत १७४२ मध्ये इंग्लंडमधल्या ब्रिस्टलला साधारण बारा-बारा जणांचे वर्ग पाडले गेले. मूळ हेतू सभागृहाचं कर्ज फेडायला दर आठवड्याला प्रत्येकी एक पेनी गोळा करण्याचा होता. पैसे घ्यायला घरोघरी फिरणाऱ्या प्रमुखांना माणसांची खरी अवस्था दिसू लागली आणि तेच वर्ग आत्मिक काळजीचं साधन झाले. आपल्या मराठी मंडळ्यांतही (स्थानिक चर्चमध्ये) घरोघरी होणारी कॉटेज मीटिंग जुनीच आहे. त्यामुळे पाळकसाहेबांशी किंवा वडीलमंडळींशी बोलताना ‘नवा प्रयोग’ असं म्हणू नका. त्यांना ओळखीची असलेली गोष्ट तरुणांसाठी नीट बसवतोय, असं सांगा.

गट मोडतात त्याचं कारण बहुतेक ठिकाणी एकच असतं. तरुण संघाच्या मिटिंगमध्ये उत्साहाने तीस नावांची यादी होते, तिचे पाच तुकडे पडतात आणि मग प्रत्येक तुकड्याला लीडर शोधला जातो. हा क्रम उलटा आहे. आधी लीडर तयार करा आणि जितक्या जोड्या तयार होतील तितकेच गट काढा. पहिल्या वर्षी दोनच गट निघाले तरी चालेल.

पहिली पायरी: परवानगी आणि एक पानी टिपण

पाळकांना तोंडी सांगून भागत नाही. पाच महिन्यांनी कोणीतरी ‘ही पोरं वेगळी सभा भरवतात’ असं म्हणतंच, तेव्हा कागद हाताशी असलेला बरा. एका पानावर एवढं लिहा: कोणत्या वयासाठी, कुठे, कोणत्या वारी, किती वाजता सुरू आणि किती वाजता बंद, लीडर कोण, काय शिकवलं जाणार, खर्च किती, आणि तक्रार असेल तर पालकांनी कोणाशी बोलायचं. पास्टोरेट कमिटी (मंडळीचा कारभार पाहणारी समिती) असेल तर तिच्यापुढे ठेवून इतिवृत्तात नोंद करून घ्या. पुढे महिन्यातून एकदा पाळकांना पाच ओळींचा अहवाल द्या. त्यात उपस्थिती आणि अभ्यासाचा भाग लिहायचा. गटात कोण काय बोललं, ते लिहायचं नाही.

खर्च फार नसतो. आठ जणांचा चहा-बिस्किटं आणि झेरॉक्स धरून आठवड्याला दीडशे-दोनशे रुपये, म्हणजे आठ आठवड्यांना एका गटामागे बाराशे ते सोळाशे. हे पैसे तरुण संघाच्या खात्यातूनच द्या. लीडरच्या खिशावर सोडलं की कमावता नसलेला चांगला मुलगा लीडर व्हायला कचरतो.

दुसरी पायरी: लीडर निवडणे

गिटार छान वाजवणारा, स्टेजवर न घाबरता बोलणारा, पाळकांचा मुलगा, ही तीन नावं सगळ्यांच्या तोंडी पटकन येतात. त्यांतला एखादा योग्य असूही शकतो, पण निकष वेगळे ठेवा. तो उपासनेला नियमित येतो का? समोरचा बोलत असताना त्याचा हात मोबाइलकडे जातो का? नव्या मुलाशी आपणहून बोलतो का? वचन वाचायची सवय आहे का? चूक दाखवली तर ऐकून घेतो का? शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. बाकीचं शिकवता येतं.

वयाचं म्हणाल तर शाळकरी गटाला किमान एकवीस वर्षांचा लीडर हवा आणि गटातल्या सर्वांत मोठ्या मुलापेक्षा तो चार-पाच वर्षांनी मोठा असावा. कॉलेजच्या गटाला तेवीस-चोवीसच्या पुढचा, शक्यतो नोकरी करणारा. प्रत्येक गटाला दोघे लागतात, एक लीडर आणि एक जोडीदार. दोघांपैकी एक आजारी पडला तरी बैठक होते. शिवाय दुसऱ्या वर्षी जोडीदारच नव्या गटाचा लीडर होतो. मुलींच्या गटाला दोन्ही ताया हव्यात. मिश्र गटाला एक दादा, एक ताई.

आठवड्याला तीन तास लागतील, हे आधीच सांगा. सव्वा तास बैठक, एक तास तयारी, उरलेला वेळ फोन आणि भेटी. हे ऐकून जो मागे सरेल त्याला आग्रह करू नका.

तिसरी पायरी: लीडरांचाच गट

इथे घाई करू नका, कारण पुढचं सगळं यावर उभं राहतं. निवडलेल्या चार ते सहा जणांनी सलग चार शनिवार स्वतःच एक छोटा गट म्हणून बसायचं. व्याख्यान नको. दर वेळी एकाने बैठक घ्यायची, बाकीच्यांनी सदस्य व्हायचं आणि शेवटची वीस मिनिटं बैठक कशी झाली यावर बोलायचं.

एक साधी युक्ती फार उपयोगी पडते. जोडीदाराने कागदावर गोल काढून बसलेल्यांची नावं लिहावीत आणि जो बोलेल त्याच्या नावापुढे दर वेळी एक रेघ मारावी. अर्ध्या तासाने तो कागद मधे ठेवला की कोणालाच काही समजावून सांगावं लागत नाही. लीडरच्या नावापुढे सतरा रेघा आणि कोपऱ्यातल्या ताईच्या नावापुढे एकही नाही, असं दिसतं. एकूण बोलण्यातलं लीडरचं बोलणं एक तृतीयांशाच्या आत आणायचं, हे या चार आठवड्यांचं उद्दिष्ट.

दुसरी सवय शांततेची. प्रश्न विचारल्यावर लीडरने मनात दहापर्यंत मोजायचं. बहुतेक जण तीनवरच घाबरतात आणि स्वतःच उत्तर देऊन टाकतात. असं दोनदा झालं की गट शिकतो, ‘गप्प बसलं की दादा सांगतोच’. मग पुढचे सहा आठवडे कोणी बोलत नाही.

मुलांची सुरक्षितता

गटात अठरा वर्षांखालचं एकही मूल असेल, तरी पुढचे नियम लेखी हवेत आणि प्रत्येक लीडरची त्यावर सही हवी. मुलासोबत बंद खोलीत एकट्याने बसायचं नाही. खाजगी बोलायचं असेल तर दार उघडं ठेवून, किंवा चर्चच्या आवारात इतरांना दिसेल असं बसायचं. बैठकीला दोन मोठी माणसं हवीतच. दुसरी व्यक्ती आली नाही तर त्या दिवशी दोन्ही गट एकत्र बसवायचे. अल्पवयीन मुलाला लीडरने रात्री नऊनंतर वैयक्तिक मेसेज करायचा नाही. गटाच्या व्हॉट्सॲपवर दोन्ही लीडर आणि तरुण संघाची एक जबाबदार व्यक्ती असावी. एकट्या मुलाला बाइकवर घरी सोडायला जायचं नाही. ‘एवढा अविश्वास कशाला’ असं लीडरलाच वाटेल, पण खोट्या आरोपापासून त्यालाही हेच नियम वाचवतात.

आणि एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. ‘तू काहीही सांग, मी कोणाला बोलणार नाही’ असं वचन मुलाला कधीच देऊ नका. २०१२ च्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार, अठरा वर्षांखालच्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं किंवा होण्याची शक्यता असल्याचं कळलं, तर पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. न कळवणं हा कलम २१ नुसार गुन्हा आहे. प्रकरण ‘मंडळीतच मिटवू’ असं म्हणायचा अधिकार लीडरला नाही आणि कमिटीलाही नाही. मुलांसाठीची हेल्पलाइन १०९८ आणि मानसिक त्रासासाठीची टेली-मानस १४४१६, हे दोन्ही नंबर लीडरच्या मोबाइलमध्ये सेव्ह असावेत. मुलाला सांगायचं वाक्य असं: ‘तू सांगितलेलं मी गटात किंवा बाहेर बोलत फिरणार नाही. पण तुझ्या किंवा दुसऱ्या कोणाच्या जिवाला धोका असेल, तर आपण मिळून मदत घ्यायची.’

पालकांकडून छापील संमतिपत्र घ्या. त्यावर वार, वेळ, ठिकाण, लीडरांची नावं आणि पालकाचा फोन नंबर असू द्या. इतर धर्माच्या घरातला मित्र बरोबर आला तर त्याचं स्वागत करा, पण तो अल्पवयीन असेल तर त्याच्या आईवडिलांशी बोलून त्यांची लेखी संमती आल्याशिवाय त्याला नियमित बसवू नका.

वेळ, जागा, वाटणी

जुलैच्या पहिल्या आठवड्यात सुरुवात करा. जूनमध्ये शाळा सुरू होतात, विदर्भात थोड्या उशिरा, आणि क्लासच्या वेळा ठरायला दोन-तीन आठवडे जातात. त्याआधी ठरवलेला वार हमखास बदलावा लागतो. आठ आठवडे धरले की ऑगस्ट संपेपर्यंत पहिलं सत्र होतं. पुण्या-मुंबईत गणेशविसर्जनाच्या दिवशी रस्ते बंद असतात, त्या दिवशी बैठक ठेवू नका. डिसेंबर सोडूनच द्या. कॅरोल राउंड (घरोघर नाताळची गाणी गात फिरणं), नाताळची नाटिका आणि गायनाचा सराव सगळा वेळ खातात. दहावी-बारावीच्या मुलांना जानेवारीनंतर बोलावू नका. परीक्षेच्या दिवशी सकाळी प्रार्थनेचा एक फोन मात्र प्रत्येकाला जायला हवा.

शाळकरी गटाला रविवारी उपासनेनंतरची वेळ सोयीची, कारण पालक तिथेच असतात. कॉलेज आणि नोकरीवाल्यांना शनिवारी संध्याकाळी साडेपाच ते पावणेसात. मुलींना दिवेलागणीला घरी पोचता आलं पाहिजे, नाहीतर तिसऱ्या आठवड्यापासून घरून नकार येतो.

घरी भरवायचं की चर्चमध्ये? पहिलं सत्र चर्चच्या आवारातच करा. घर आपुलकीचं असतं, पण वन-रूम-किचनमध्ये दहा जण बसले की त्या घरच्या आजींना हलायला जागा उरत नाही. आणि एका घरी समोसे झाले की दुसऱ्या घरी केक होतो, मग तिसऱ्या घरची मुलगी ‘आमच्याकडे नको’ म्हणते. एकाच हॉलमध्ये दोन गट बसवणार असाल तर दोन कोपरे पकडा आणि पाठी एकमेकांकडे करा. टेबल मधे घेऊ नका. सतरंजीवर गोल करून बसा, लीडरही त्याच सतरंजीवर.

वाटणी वयाने करा. आठवी ते दहावी, अकरावी-बारावी आणि त्यापुढचे. चौदा वर्षांच्या मुलाला एकवीस वर्षांच्या मुलासमोर बोलता येत नाही. शाळकरी मुला-मुलींचे गट वेगळे ठेवले तर दोन्हीकडे मोकळेपणा येतो. हजर राहणारे सहा ते आठ हवेत, म्हणून यादी नऊ-दहांची करा. बाराच्या पुढे गप्प बसणारे पुन्हा गप्प होतात आणि चारच्या खाली दोन गैरहजर राहिले की बैठकच मोडते. प्रत्येकाकडून, ‘कोणाबरोबर बसायला आवडेल’ अशी दोन नावं चिठ्ठीवर घ्या आणि त्यातलं एक नक्की द्या. दोन्ही दिलीत की जुनी टोळी जशीच्या तशी उतरते. एकही नाही दिलं तर मूल दुसऱ्या आठवड्याला येत नाही. मंडळीतल्या घराघरांतली जुनी भांडणं पाळकांना ठाऊक असतात. यादी अंतिम करण्याआधी त्यांना एकदा दाखवा.

सव्वा तासाची बैठक

पहिली दहा मिनिटं येणं, चहा, ‘आठवडा कसा गेला’. मग एक गाणं, फार तर दोन. ना. वा. टिळकांच्या गीतांपैकी मुलांना पाठ असलेलं एखादं घ्या. नवी चाल शिकवत बसायची ही जागा नाही. त्यानंतर पस्तीस-चाळीस मिनिटं वचन आणि चर्चा, पंधरा मिनिटं प्रार्थना. ठरलेल्या वेळेला उठायचं. चर्चा रंगली असली तरी उठायचं, कारण बाहेर पालक उभे असतात.

पहिल्या सत्राला मार्ककृत शुभवर्तमान घ्या. सोळाच अध्याय, प्रसंग छोटे आणि वेगवान. आठ आठवड्यांचे भाग (आधी अध्याय, मग वचनं) असे: १:१४-२०, २:१-१२, ४:३५-४१, ५:२५-३४, १०:१७-२७, १०:४६-५२, १४:६६-७२ आणि १६:१-८. शेवटचे दोन लागोपाठ ठेवण्याला कारण आहे. सातव्या आठवड्यात येशूचा शिष्य पेत्र प्रभूला नाकारतो, म्हणजे ‘मी त्याला ओळखत नाही’ म्हणतो, आणि आठव्यात, १६:७ मध्ये, रिकाम्या कबरेपाशी दिलेल्या निरोपात पेत्राचं नाव वेगळं घेतलेलं आहे. हे लीडरने आधी सांगू नये. मुलांनाच सापडू द्या.

वाचनाचा एक खरा प्रश्न आहे. इंग्रजी माध्यमातल्या पुष्कळ मुलांना देवनागरी अडखळत वाचता येते, आणि पवित्र शास्त्राची भाषा त्यांना जड जाते. न विचारता ‘तू पुढचं वचन वाच’ म्हटलं की ते मूल सगळ्यांसमोर लाजतं आणि पुढच्या रविवारी आजारी पडतं. म्हणून वाचणारा आदल्या दिवशी ठरवा. भाग दोनदा वाचा, एकदा नेहमीच्या पवित्र शास्त्रातून, एकदा सोप्या मराठीतल्या आवृत्तीतून. मोठ्या अक्षरात छापलेला कागद प्रत्येकाला द्या, म्हणजे मोबाइल खिशात राहतात.

आता दुसऱ्या आठवड्याचा भाग पाहू, पक्षघाती माणसाचा. येशू कफर्णहूमात एका घरात आहे, दारात गर्दी आहे, चौघे मित्र छप्पर उघडून खाट खाली सोडतात. ‘येशूने त्याला बरं केलं का?’ या प्रश्नाला ‘हो’ एवढंच उत्तर येतं आणि चर्चा संपते. त्यापेक्षा आधी ते छप्पर डोळ्यांसमोर आणा. सोलापूर, लातूर, धाराशिवकडच्या मुलांनी माळवदाचं घर पाहिलेलं असतं: लाकडी तुळया, त्यावर काटक्या आणि वर मातीचा जाड थर. कफर्णहूम ज्या गालील प्रांतात होतं तिथली छपरंही साधारण अशीच होती. ते उकरलं तर खाली बसलेल्यांच्या डोक्यावर काय पडेल? घरमालक काय म्हणाला असेल? या प्रश्नांवर गप्प मुलंही बोलतात, कारण उत्तर चुकायची भीती नसते.

मग मजकुरावर या. पाचव्या वचनात येशूने कोणाचा विश्वास पाहिला? आजारी माणूस तर या प्रसंगात एक शब्दही बोलत नाही. पाय बरे करण्याआधी येशू पापांच्या क्षमेचं का बोलतो? तिथे बसलेल्या शास्त्र्यांना (यहुदी धर्मशास्त्राच्या पंडितांना) राग कशाचा आला? आणि शेवटी आपल्याकडे वळणारा एकच प्रश्न: ‘तुझी खाट उचलणारे चौघे कोण?’ किंवा ‘तू सध्या कोणाच्या खाटेचा कोपरा धरला आहेस?’ दोन्ही विचारू नका. एक निवडा आणि दहापर्यंत मोजा.

एखाद्याला उत्तर माहीत नसलेला प्रश्न आला तर ‘मला ठाऊक नाही, पाळकांना विचारून पुढच्या वेळी सांगतो’ असं म्हणा आणि खरंच सांगा. त्याने लीडरची किंमत कमी होत नाही.

प्रार्थनेच्या वेळी आळीपाळीने सर्वांना मोठ्याने प्रार्थना करायला लावू नका. आपली पाळी येईपर्यंत नवखं मूल घाबरून बसतं, शेजाऱ्याची प्रार्थना त्याच्या कानावरही पडत नाही. पहिले तीन आठवडे विनंत्या चिठ्ठीवर घ्या आणि लीडरने प्रार्थना करावी. चौथ्यापासून दोघा-दोघांच्या जोड्या करा, ज्याला एकच वाक्य म्हणायचंय त्याने एकच म्हणावं.

काय बिघडतं

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात उपस्थिती घसरते. हे सगळीकडे होतं, त्यावर गटात भाषण देऊ नका. न आलेल्याला त्याच संध्याकाळी फोन करा, ‘का आला नाहीस’ न विचारता ‘कसा आहेस’ विचारा. व्हॉट्सॲपवर सगळ्यांना मिळून पाठवलेला ‘मिस यू’ कोणालाच लागत नाही.

सर्वांत वाईट बिघाड प्रार्थनेच्या विनंतीतून होतो. एका मुलीने सांगितलेलं ‘बाबांची नोकरी गेली आहे’ दोन दिवसांत महिला मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘प्रार्थनेसाठी’ म्हणून फिरतं. हेतू चांगला असतो, पण ती मुलगी पुन्हा तोंड उघडत नाही आणि तिच्याबरोबर सगळा गटच बंद होतो. म्हणून पहिल्याच बैठकीत नियम करा: इथली विनंती, ज्याची आहे त्याला विचारल्याशिवाय बाहेर जाणार नाही. घरी आईलाही नाही. धोक्याची बाब असेल तर वर सांगितलेलं लागू. कोणी हा नियम मोडलाच तर लीडरने त्याच आठवड्यात त्या मुलीची भेट घेऊन माफी मागावी आणि ज्याने मोडला त्यालाही माफी मागायला लावावी.

फार बोलणारा प्रत्येक गटात एक असतो. त्याला लीडरच्या समोर न बसवता शेजारी बसवा, नजरेला नजर कमी मिळते. बैठकीनंतर त्याच्यावर काम सोपवा: ‘पुढच्या वेळी तू दोन गप्प असणाऱ्यांना बोलतं कर.’ लीडर आणि सदस्य यांच्यात प्रेम जमलं, दोघे सज्ञान असले, तरी लीडरने त्या गटातून बाजूला व्हायचं. हे आधीच लेखी ठरलेलं असेल तर वेळ आल्यावर कोणाचा अपमान होत नाही.

आठवा आठवडा

शेवटच्या बैठकीत प्रत्येकाला कागद द्या आणि नाव न लिहिता तीन उत्तरं मागा: काय ठेवावं, काय बंद करावं, पुढच्या सत्राला येणार का. मग महिनाभर थांबा. गट थकलेले असताना ‘आता दोनाचे चार करू’ म्हणणं घाईचं ठरतं. जोडीदाराने एकट्याने तीन बैठका घेऊन दाखवल्या असतील, तरच नवा गट काढा आणि त्यात जुन्या गटातले दोन-तीन जण स्वखुशीने जाऊ द्या.

पुण्याला किंवा मुंबईला शिकायला, नोकरीला गेलेल्यांची वेगळी यादी करा आणि तिथल्या ओळखीच्या मंडळीचा पत्ता व वेळ त्यांना कळवा. मधेच यायचे थांबलेल्यांची नावं लीडर आणि जोडीदाराने वाटून घ्यावीत. पुढच्या सत्राची तारीख जाहीर होण्याआधी त्यातल्या प्रत्येकाला एक भेट व्हायला हवी, घरी किंवा कॉलेजच्या गेटवर, दहा मिनिटांची.